एटीआर ७२-६०० च्या कॉकपिटचे छापील पोस्टर: ग्राउंड स्कूलच्या तयारीसाठी घ्यावे का?

प्रादेशिक विमान कंपनीत नव्याने निवड झालेल्या वैमानिकांसाठी एटीआर ७२-६०० या विमानाच्या कॉकपिटची प्रत्यक्ष आकारातील छापील पोस्टरे बाजारात मिळतात. डोक्यावरचे पॅनेल, समोरचे मुख्य पॅनेल आणि दोन आसनांमधला पेडेस्टल असा तीन भागांचा एक संच मी ग्राउंड स्कूल, म्हणजे सिम्युलेटरच्या आधीचे वर्गातले प्रशिक्षण, सुरू होण्याआधी ऑनलाइन मागवला. वर्ग चालू असताना आणि पुढे सिम्युलेटरच्या टप्प्यातही तो माझ्या वापरात होता. आता मी याच विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, म्हणून काम करते, त्यामुळे कागदावर शिकलेले प्रत्यक्षात किती टिकले आणि कुठे कमी पडले, हे मला नेमकेपणाने सांगता येईल. माझे मत असे की निवडपत्र हातात पडल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंतच्या काळात पैसे खर्च करण्याजोगी हीच एक वस्तू आहे. मात्र तिच्याकडून काय शिकायचे आणि काय शिकायचे नाही, हे ठरवल्याशिवाय ती भिंतीवर लावू नये.

हा सल्ला ज्यांना उपयोगी पडेल त्यांची संख्या आता लहान राहिलेली नाही. लहान शहरे विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्र सरकारच्या उडान योजनेतले पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी शिमल्याहून दिल्लीला उडाले, ते एटीआरच होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये इंडिगोनेही आपल्या ताफ्यातले पहिले एटीआर सेवेत आणले. ऑक्टोबर २०२१ मध्ये सिंधुदुर्गचा चिपी विमानतळ सुरू झाला तेव्हा तिथे पहिल्यांदा अलायन्स एअरचे एटीआर उतरले, आणि २०२४ मध्ये गोव्यातून उड्डाणे सुरू करणाऱ्या फ्लाय९१ चा सगळा ताफा याच जातीचा आहे. म्हणजे गोंदिया, बारामती किंवा धुळ्याच्या धावपट्टीवर शिकून व्यावसायिक परवाना मिळवलेल्या मराठी मुलामुलींना पहिली नोकरी याच कॉकपिटमध्ये मिळण्याची शक्यता बरीच आहे. त्यांच्या हाती दोनशे तासांचा अनुभव असतो आणि त्यातला बहुतेक भाग सेस्ना १७२ सारख्या चार आसनी विमानातला असतो. तिथून २३ टन वजनाच्या, दोन टर्बोप्रॉप इंजिनांच्या आणि दोघांनी मिळून चालवण्याच्या विमानाकडे जाताना अडचण विषयाच्या काठिण्याची नसते. अडचण असते ती गतीची. ग्राउंड स्कूलमध्ये विद्युत यंत्रणा, हायड्रॉलिक्स, इंधन, हवेचा दाब, बर्फरोधक यंत्रणा हे सगळे एकामागून एक येते, आणि शिक्षक एखाद्या बटणाचे नाव घेतात तेव्हा ते कुठे आहे हे शोधण्यातच ज्याचे अर्धे लक्ष जाते, त्याला पुढचे वाक्य ऐकूच येत नाही. पोस्टरचा खरा उपयोग इथे आहे. वर्गात बसण्यापूर्वी प्रत्येक वस्तूची जागा ठाऊक असली की शिक्षकांचे बोलणे थेट त्या जागेवर जाऊन बसते.

आता वस्तूविषयी. कोणतेही कॉकपिट पोस्टर घेतल्यावर सर्वांत आधी त्याचे माप तपासावे. एटीआरच्या ६०० मालिकेत समोर पाच स्क्रीन आहेत आणि प्रत्येक स्क्रीन सहा बाय आठ इंचांचा आहे, त्यामुळे साधी पट्टी लावून पोस्टर खरोखर प्रत्यक्ष आकाराचे आहे की नाही हे लगेच कळते. माझ्या संचातले मुख्य पॅनेल या कसोटीला पुरेपूर उतरले. पेडेस्टलचा भाग मात्र थोडा आक्रसलेला निघाला, बहुधा कागदाच्या रुंदीत बसवण्यासाठी. भिंतीवर टांगून नुसते बघणाऱ्याला हा फरक जाणवणार नाही. पण या वस्तूचा हेतूच मुळी हाताला अंतराची सवय लावणे हा आहे, आणि जिथे हात सर्वांत जास्त फिरतो तोच भाग लहान असावा ही गोष्ट मला गंभीर वाटली. छपाई स्वच्छ होती आणि बारीक अक्षरेही वाचता येत होती. मात्र चकचकीत लॅमिनेशनमुळे ट्यूबलाइटचा प्रकाश परावर्तित होऊन डोक्यावरच्या पॅनेलची एक बाजू दिसेनाशी होत असे. हे पॅनेल छताला तिरपे लावायचे असल्याने तो त्रास टाळता येत नाही. मॅट लॅमिनेशनचा पर्याय मिळत असेल तर तोच निवडावा.

वापराच्या दृष्टीने हे पोस्टर सर्वांत उत्तम ठरले ते फ्लो पाठ करण्यासाठी. फ्लो म्हणजे एखाद्या टप्प्यावर कॉकपिटमधून हात आणि नजर ठरलेल्या वाटेने फिरवत एकेक गोष्ट तपासत जाणे. चेकलिस्ट नंतर येते आणि फ्लोमध्ये काही राहिले तर ते पकडते. केवळ यादी पाठ करणारा उमेदवार सिम्युलेटरमध्ये पुढचा शब्द आठवत थांबतो. वाट पाठ असलेल्या उमेदवाराला एका जागेवरून हात उचलताच पुढची जागा आपोआप सुचते. डोक्यावरच्या पॅनेलवर इंजिनाला आग लागल्यास ओढायची फायर हँडल, इंधनाचे पंप, हायड्रॉलिक्स, जनरेटर, केबिनला हवा पुरवणारे पॅक, बर्फ काढण्याची बटणे अशी दाटी असते. पहिल्या नजरेला ही दाटी अंगावर येते, पण खुर्चीत बसून, मान वर करून, बोट प्रत्येक बटणाला लावत आणि त्याचे नाव मोठ्याने उच्चारत रोज फिरत राहिले की या दाटीत गट दिसू लागतात. विद्युत यंत्रणेचे प्रकरण शिकताना याचा मला विशेष फायदा झाला. एटीआरमध्ये स्टार्टर-जनरेटरकडून मिळणारी २८ व्होल्टची डीसी, इन्व्हर्टरमधून मिळणारी स्थिर वारंवारतेची एसी आणि प्रोपेलरच्या गिअरबॉक्सवरच्या जनरेटरकडून मिळणारी, प्रोपेलरच्या फेऱ्यांनुसार वारंवारता बदलणारी एसी अशा तीन वाटा आहेत, आणि नवशिक्याचा गोंधळ नेमका इथेच होतो. ही आकृती वर्गात फळ्यावर आली तेव्हा प्रत्येक वाटेचे बटण पॅनेलवर कुठे आहे हे मला आधीच माहीत होते, त्यामुळे आकृती लक्षात राहण्यास वेगळे कष्ट पडले नाहीत.

पेडेस्टलविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण पोस्टरची उपयुक्तता आणि मर्यादा या दोन्ही तिथे सर्वांत ठळक दिसतात. डायमंड डीए४२ वर बहुइंजिनी प्रशिक्षण घेतलेल्या वैमानिकाने प्रत्येक इंजिनासाठी एकच लिव्हर पाहिलेला असतो, कारण प्रोपेलरचे नियंत्रण तिथे संगणक करतो. एटीआरमध्ये इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या पॉवर लिव्हरच्या जोडीला कंडिशन लिव्हरची जोडी असते, आणि या दुसऱ्या जोडीने प्रोपेलर फेदर करता येतो, म्हणजे त्याची पाती हवेला धारेने सामोरी आणता येतात, तसेच इंजिनाचे इंधनही बंद करता येते. त्यांच्या उजवीकडे फ्लॅपचा, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेचे हलते भाग खाली-वर करण्याचा, लिव्हर असतो. १५ जानेवारी २०२३ रोजी पोखऱ्यात यती एअरलाइन्सचे एटीआर ७२-५०० कोसळून विमानातील सर्व ७२ जणांचा मृत्यू झाला. विमान उतरण्याच्या बेतात असताना फ्लॅप ३० अंशांवर नेण्याची सूचना दिली गेली आणि त्याऐवजी दोन्ही कंडिशन लिव्हर अनवधानाने फेदरकडे नेले गेले, असा निष्कर्ष नेपाळच्या चौकशी आयोगाने काढला. दोन्ही इंजिने चालू होती, पण प्रोपेलर ओढ देत नव्हते. हे ज्यांच्या हातून घडले ते नवशिके नव्हते, दीर्घ अनुभवाचे प्रशिक्षक होते. हा अहवाल प्रत्येक नव्या एटीआर वैमानिकाने ग्राउंड स्कूलच्या आधी वाचावा आणि तो पेडेस्टलच्या पोस्टरसमोर बसून वाचावा, असे मला मनापासून वाटते. कोणता लिव्हर कोणाच्या शेजारी आहे हे चित्रात पाहताना त्या वाक्यांचा अर्थ वेगळ्याच स्पष्टतेने कळतो.

परंतु हे लिव्हर आकाराने एकमेकांपासून वेगळे असतात, काहींना खाचा असतात, काही उचलल्याशिवाय किंवा ट्रिगर दाबल्याशिवाय पुढच्या जागी जात नाहीत, आणि हे वेगळेपण हाताला कळावे अशीच त्यांची रचना केलेली असते. कागदावर यातले काहीही नाही. सपाट पृष्ठभागावर बोट फिरवण्याची फार सवय लागली तर हात केवळ जागेवर विसंबू लागतो, आणि जागेवर विसंबणे हाच तर या अपघातातला धोका होता. त्यामुळे माझे सांगणे असे की कागदावर फ्लॅपच्या लिव्हरला हात लावतानाही आधी थांबून त्याकडे पाहावे, त्याचे नाव घ्यावे, मग हलवल्याची कृती करावी आणि शेवटी समोरच्या स्क्रीनवर फ्लॅपचा दर्शक जिथे असतो तिथे नजर नेऊन खात्री करावी. कागदावर दर्शक हलत नाही, तरी नजर तिथे गेलीच पाहिजे. वेग येण्यासाठी यातला कोणताही टप्पा गाळू नये. सिम्युलेटरच्या पहिल्या सत्रात प्रशिक्षकाने फ्लॅप मागितले की घाई होते, आणि त्या घाईत टिकते ती इथे लावून घेतलेली सवयच.

याच कारणासाठी हे पोस्टर एकट्याने वापरू नये. बॅचमधला कोणी जवळ राहत असेल तर दोन खुर्च्या शेजारी मांडून, एकाने विमान चालवणाऱ्याची आणि दुसऱ्याने लक्ष ठेवणाऱ्याची भूमिका घेऊन, कॉलआउटसह, म्हणजे ठरलेले शब्द मोठ्याने उच्चारत, सराव करावा. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईहून उड्डाण केलेल्या ट्रान्सएशियाच्या एटीआर ७२-६०० विमानात उजव्या इंजिनाचा प्रोपेलर आपोआप फेदर झाला, आणि कॅप्टनने चालू असलेल्या डाव्या इंजिनाची शक्ती कमी करून पुढे ते बंदच केले. ५८ पैकी ४३ जण दगावले. इंजिनाशी संबंधित कोणताही लिव्हर हलवण्यापूर्वी एकाने तो दाखवून नाव घ्यायचे आणि दुसऱ्याने पाहून दुजोरा द्यायचा, हा नियम पुस्तकात एका ओळीचा असतो. दोन खुर्च्यांवर बसून तो पन्नासदा उच्चारला की दुजोरा मिळेपर्यंत हात थांबू लागतो. इंजिनाला आग लागल्यावर पॉवर लिव्हर, कंडिशन लिव्हर आणि मग फायर हँडल हा क्रमही असाच, दोघांच्या आवाजात, पक्का करावा. माझ्या शेजारी बसणारी बॅचमेट दुजोरा द्यायला मुद्दाम उशीर करायची, म्हणजे मला थांबावेच लागे. ही तिची कल्पना मी आता प्रत्येक नव्या उमेदवाराला सांगते.

या संचातला मला सर्वांत जास्त खटकलेला दोष छपाईच्या दर्जाशी संबंधित नाही, तो चित्र काढणाऱ्याच्या निर्णयाशी संबंधित आहे. एटीआरच्या कॉकपिटचे तत्त्व असे की सगळे ठीक असेल तर डोक्यावरच्या पॅनेलवरचे दिवे विझलेले असावेत, म्हणजे पेटलेला दिवा लगेच नजरेत भरतो. माझ्या पोस्टरवर मात्र प्रत्येक बटणावरची सूचना वाचता यावी म्हणून सगळे दिवे एकाच वेळी पेटलेले दाखवले होते. बटणांची नावे शिकण्यासाठी हे सोयीचे आहे, यात शंका नाही. पण नजर मात्र चुकीच्या चित्राला सरावते. सिम्युलेटरमध्ये प्रथम बसल्यावर विझलेले पॅनेल पाहून मला ओळखीच्या जागाही काही काळ अनोळखी वाटल्या, आणि माझ्या बॅचमधल्या इतरांनीही हेच सांगितले. त्यावर उपाय सोपा आहे. नावे पाठ झाल्यावर त्या सूचनांवर काळ्या रंगाच्या बारीक चिकटपट्ट्या लावाव्यात आणि पुढचा सराव विझलेल्या पॅनेलवर करावा. नंतर बॅचमेटने एखादी पट्टी काढावी आणि आपण ती शोधून कोणती यंत्रणा बिघडली हे सांगावे. विक्रेत्याने पेटलेल्या आणि विझलेल्या अशा दोन्ही स्थितींची चित्रे दिली तर या वस्तूची किंमत दीडपट झाली तरी ती योग्यच वाटेल.

दुसरा दोष आवृत्तीचा. डोक्यावरच्या पॅनेलचे चित्र बहुधा जुन्या मालिकेवरून घेतलेले होते, कारण कंपनीची पुस्तिका हातात आल्यावर काही बटणांच्या जागा जुळेनात. मी विक्रेत्याला कळवले तेव्हा उत्तर सौजन्यपूर्ण मिळाले, मात्र सुधारित प्रत मिळाली नाही. एटीआर ५०० आणि ६०० या मालिका बाहेरून सारख्या दिसतात, पण कॉकपिट बरेच वेगळे आहे, आणि ६०० मध्येही वेगवेगळ्या कंपन्यांच्या विमानांवर वेगवेगळे पर्याय बसवलेले असतात. म्हणून मागवण्यापूर्वी चित्र कोणत्या मालिकेचे आहे हे लेखी विचारून घ्यावे आणि कंपनीच्या पुस्तिका मिळताच पोस्टर त्यांच्याशी ताडून पाहावे. जिथे फरक आढळेल तिथे पुस्तिका प्रमाण मानून पोस्टरवर शाईने दुरुस्ती करावी.

आकड्यांबाबत हाच नियम अधिक काटेकोरपणे पाळावा. संचाबरोबर मर्यादांचे एक छापील कार्ड येते. त्यातले काही आकडे, जसे की २५,००० फुटांची कमाल उंची किंवा २५० नॉटचा कमाल वेग, निर्धास्तपणे पाठ करता येतात. वजनांचे आकडे मात्र विमानागणिक बदलू शकतात. ते कंपनीच्या पुस्तिकेतूनच घ्यावेत, कारण एकदा पाठ झालेला चुकीचा आकडा मनातून काढणे नवीन आकडा शिकण्यापेक्षा जड जाते. पाठांतरासाठी मी अँकी हे अॅप वापरले. संगणकावर आणि अँड्रॉइडवर ते विनामूल्य आहे, आणि २०२३ पासून त्यात चित्राचा भाग झाकून विचारण्याची सोय आहे, त्यामुळे पोस्टरच्या छायाचित्रावरूनच कार्डे तयार करता येतात. प्रवासात किंवा रांगेत उभे असताना यामुळे पोस्टरची उणीव भासत नाही. काही शिकवण्या याच तयारीसाठी ध्वनिचित्रफितींचे महागडे पॅकेज विकतात, मी त्यांपैकी एक घेतले होते. त्यात शिक्षक यंत्रणा छान समजावतात, पण तेच सगळे ग्राउंड स्कूलमध्ये पुन्हा, आपल्या कंपनीच्या पद्धतीने शिकवले जाते, आणि पद्धतीतला फरक नंतर विसरावा लागतो. तोच पैसा पोस्टरवर आणि उरलेला वेळ बॅचमेटबरोबरच्या सरावावर खर्च करणे मला जास्त पटते.

ग्राउंड स्कूलचा मोठा भाग या पोस्टरच्या कक्षेत येतच नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. धोकादायक मालाची वाहतूक, आणीबाणीत प्रवाशांना बाहेर काढणे, क्रूमधला समन्वय, पावसाळ्यातल्या उड्डाणांचे नियम, हे विषय त्या त्या वर्गात मन लावून ऐकूनच येतात. बर्फाचा विषय मात्र आधी वाचून जावा. ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेतल्या रोझलॉन येथे अमेरिकन ईगलचे एटीआर ७२ गोठणाऱ्या पावसात नियंत्रण सुटून कोसळले आणि ६८ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर पंखांवरचे बर्फ फोडणारे रबरी पट्टे रुंद करण्यात आले आणि कार्यपद्धतीही बदलल्या. आपल्याकडे पावसाळ्यात एटीआर ज्या उंचीवर उडते तिथल्या ढगांमध्ये तापमान शून्याच्या आसपास येऊ शकते, त्यामुळे हा केवळ थंड देशांचा प्रश्न नाही. बर्फ जमू लागल्याची खूण दाखवणारी छोटी दांडी कॅप्टनच्या बाजूच्या खिडकीबाहेर असते आणि ती या तिन्ही कागदांपैकी एकावरही नाही. मी खिडकीच्या जागी भिंतीवर एक खूण करून ठेवली होती आणि प्रत्येक फ्लोमध्ये नजर तिथे नेत असे. हॉटेल मोडचेही तसेच आहे. या विमानात एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज आणि हवा पुरवणारे छोटे सहायक इंजिन, नसल्यामुळे जमिनीवर उजव्या इंजिनाचा प्रोपेलर ब्रेक लावून थांबवतात आणि इंजिन चालू ठेवून वीज व हवा घेतात. त्याचे बटण पोस्टरवर दिसते, पण वाऱ्याची दिशा आणि आजूबाजूची माणसे पाहून ते केव्हा वापरायचे नाही, हे पुस्तिकेतूनच शिकावे लागते.

ज्यांना एटीआर मिळणार हे निश्चित झाले आहे, ज्यांच्या वर्गाला अजून काही आठवडे अवकाश आहे आणि ज्यांना सरावासाठी एक जोडीदार मिळू शकतो, त्यांनी हा संच जरूर घ्यावा. पाचपैकी चार गुण मी त्याला देईन, आणि पेडेस्टल योग्य मापाचा मिळाला तर साडेचार. निवड झाली असली तरी विमान कोणते हे अद्याप कळले नसेल, तर थांबावे. एअरबसचे कॉकपिट इतके वेगळे आहे की इथली कोणतीही वाट तिथे लागू पडत नाही. मागवताना गुंडाळी करून नळकांड्यातून पाठवण्याची विनंती करावी, कारण घडी घातलेल्या लॅमिनेटेड कागदावर सुरकुती पडते आणि माझ्या प्रतीत ती नेमकी इंजिनाच्या दर्शकांवरून गेली होती.